द्रवस्फटिकातले टोपॉलॉजिकल दोष: कार्यशाळेतलं प्रात्यक्षिक

गणिती, भौतिकीवाले आणि मटेरियल्सवाले एकत्र बसणार असतील, तर व्याख्यानांआधी हे उरकून घ्या. पुढचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

५सीबी या द्रवस्फटिकाचा (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू साधारण एकाच दिशेला रांगेत असलेला पदार्थ) बारीकसा थेंब स्वच्छ स्लाइडवर ठेवा, वर कव्हरस्लिप. काच टिश्यूने एकाच दिशेने घासू नका. रेणू त्या दिशेला रांग धरतात आणि दोष, म्हणजे रेणूंची दिशा जिथे ठरवताच येत नाही असे बिंदू, दिसेनासे होतात. पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली (यात प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणारे दोन फिल्टर, म्हणजे पोलरायझर, एकमेकांशी काटकोनात असतात) ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, चित्र काळं होईल. निवताना ३५ अंशांच्या आसपास पोत, म्हणजे काळ्या-उजळ पट्ट्यांचं चित्र, उमटतो. २४ अंशांखाली नमुना गोठू शकतो, म्हणून थंड खोलीत हीटिंग स्टेज (नमुना गरम ठेवणारा मायक्रोस्कोपचा मंच) हवीच.

आता मोजणी. एका बिंदूतून दोन काळे पट्टे निघाले तर दोषाचं मूल्य (त्या बिंदूभोवती एक फेरी मारताना रेणूंची दिशा किती फेऱ्या फिरते ते) अर्धा, चार निघाले तर एक. चिन्हासाठी दोन्ही पोलरायझर काटकोन न मोडता सोबत फिरवा: पट्टे त्याच दिशेने गेले तर धन, उलटे गेले तर ऋण. अर्ध्याचे पट्टे दुप्पट वेगाने फिरतात. नुसता नमुना फिरवलात तर फसाल, कारण +१ चे पट्टे जागचे हलतच नाहीत.

विरुद्ध चिन्हांची जोडी जवळ सरकून नाहीशी होते. नमुना निवू लागण्याआधीच कॅमेरा सुरू करा.