पाणी आहे, खत आहे, तरी झाड का सुकतं? या चुका टाळा

पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिलेली असते. कपाशी पात्या-बोंडांवर आलेली. मग एका रात्रीत धो-धो पाऊस पडतो आणि सकाळी रानात जावं, तर कालपर्यंत टवटवीत असलेली झाडं माना टाकून उभी. "रान ओलंचिंब हाय, तरी झाड काऊन सुकायलं?" हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. मी जालना जिल्ह्यात अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते आणि घरची मोसंबीची बाग आहे, म्हणून विचारतात. वर्गात मूळ, खोड, पान यांच्या आकृत्या काढून मार्क मिळतात. पण तेच ज्ञान बांधावर आलं, तर पीक वाचतं. म्हणून आपल्याकडे वारंवार दिसणाऱ्या काही चुका इथे मांडते.

सुकलं म्हणजे तहानलं, असं धरून चालणं

कपाशीच्या त्या प्रकाराला आकस्मिक मर म्हणतात. त्यात बुरशी नसते, कीड नसते. मूळ जिवंत असतं आणि त्यालाही आपल्यासारखाच श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत थोडं पाणी आणि थोडी हवा, दोन्ही असेल तर मूळ काम करतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी या अवस्थेला फार नेमका शब्द ठेवलाय, वापसा. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, पोकळ्या मिटतात, हवा कोंडते. प्राणवायू संपला की मुळाच्या पेशी पाणी आत घेण्याच्या वाटा आवळून घेतात. वर ऊन पडलेलं, पानांतून वाफ निघतच असते, आणि खालून पुरवठा नाही. विहीर तुडुंब भरलेली असावी आणि फुटव्हॉल्व्ह अडकलेला असावा, तशी ही गत.

अशा वेळी पाणी देणं म्हणजे बुडत्याला आणखी पाणी पाजणं. आधी चर काढून साचलेलं पाणी शेताबाहेर घालवा. झाडाच्या बुडाशी पाय रोवता येईल इतकं रान झालं की खुरप्याने माती हलकी करा, मग बुडाशी आळवणी, म्हणजे पाण्यात विरघळवलेलं खत-औषध मुळांशी ओतणं. आळवणीचं प्रमाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार घ्या, दुकानदाराच्या अंदाजाने नको. पहिल्या एक-दोन दिवसांत केलं तर बरीच झाडं सावरतात. आठवड्याने केलेल्या उपायाचा उपयोग नसतो. आणि हे दरवर्षीचंच असेल, तर पुढच्या हंगामात रुंद वरंबा सरीवर पेरणी करा. सोयाबीनलाही तिचा तेवढाच फायदा होतो, कारण सरीतून जास्तीचं पाणी निघून जातं आणि वरंब्यावर मुळांना हवा मिळते.

उन्हाळ्यातली उलटी चूकही सांगते. दुपारी एकला भेंडीची, भोपळ्याची पानं लोंबलेली दिसली की लगेच मोटार चालू होते. दुपारी पानातून वाफ जाण्याचा वेग मुळांच्या ओढीपेक्षा जास्त असतो, म्हणून पान लवतं. संध्याकाळी ते आपोआप ताठ झालं तर काळजी नाही. सकाळी सहा वाजताही पान मलूल असेल, तर झाड खरंच तहानलेलं आहे. वीतभर खोल उकरून मातीची मूठ वळून पाहा, मग ठरवा.

खताला झाडाचं अन्न समजणं

"खाऊ घातल्याशिवाय झाड कसं वाढंल?" असं म्हणून युरियाचं पोतं उघडलं जातं. पण झाड माती खात नाही. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट नावाच्या संशोधकाने सुमारे 90 किलो कोरडी माती तोलून एका मोठ्या कुंडीत भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन 76 किलोच्या पुढे गेलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती कमी झाली होती अवघी 57 ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. वाळलेल्या झाडाच्या वजनातला मोठा वाटा हवेतून येतो, हे त्याला कळलं नाही.

पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांना आपण पर्णरंध्रं म्हणतो. हवेच्या 10,000 भागांत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम 4 भाग असतात. तो आणि पाणी घेऊन पान उन्हात साखर तयार करतं, तेच झाडाचं खरं अन्न. पण तो पकडायला ही छिद्रं उघडावी लागतात, आणि उघडली की पानातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. मुळांनी ओढलेल्या 100 लिटर पाण्यातलं 95 लिटरहून जास्त असंच निघून जातं. म्हणून पाऊस खंडला की झाड छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण साखर तयार करण्याची चूलही विझते.

आता या अवस्थेत युरिया टाकला तर काय होईल? साखर तयार होत नाही, त्यामुळे युरियातल्या नत्राचा वापर करायला झाडाकडे कच्चा मालच नाही. शिवाय थोड्याशा ओलीत खत विरघळून ती इतकी खारट होते की मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं. पावसाच्या खंडात खत थांबवा. तेव्हा उपयोगी पडतं ते पालापाचोळ्याचं, उसाच्या पाचटाचं आच्छादन, नाहीतर कोळपणी. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या भागातल्या मोसंबीच्या कित्येक बागा वाळून सरपणाला गेल्या. त्या काळात बुडाशी जाड आच्छादन टाकून आणि फांद्यांची संख्या कमी करून जगवलेली झाडं मी स्वतः पाहिली आहेत. पानं कमी तर पाण्याची मागणीही कमी.

प्रत्येक पिवळ्या पानावर एकच औषध

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा या चुकीत वाया जातो.

पिवळेपणा कुठल्या पानावर आहे, हे आधी पाहा. नत्र झाडात इकडून तिकडे हलू शकतं. कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देतं. म्हणून नत्राची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते, आणि सबंध पान फिकट होतं. मॅग्नेशियमचंही तसंच. तो तर हरितद्रव्याच्या रेणूच्या अगदी मधोमध बसलेला असतो, पण हलणारा आहे. त्यामुळे त्याची कमतरताही जुन्या पानांवर शिरांच्या मधल्या भागात उमटते.

लोहाचं उलटं. ते एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानं पिवळीधमक, काही वेळा पांढरट होतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांच्या सोयाबीनमध्ये हे हमखास दिसतं. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह नसतं असं नाही. चुन्यामुळे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही, आणि पाणी साचलं की आणखीच अडतं. नांगरताना पांढरे खडे वर येत असतील, तर शेत त्यातलंच समजा. इथे युरिया कितीही टाका, शेंडा हिरवा होणार नाही. आधी वापसा येऊ द्या, मग हिराकशीची (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) अर्धा टक्का फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम आणि त्यात निम्म्या, म्हणजे 25 ग्रॅम चुन्याची निवळी. चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये असं बांधून दिलेलं लोह, मिळालं तर ते चांगलंच.

फवारणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर करा, कारण दुपारी थेंब आत शिरायच्या आधीच वाळतो. मोसंबी आणि आंब्याच्या पानांची छिद्रं जवळजवळ सगळी खालच्या बाजूला असतात आणि वरून मेणाचा जाड थर असतो, म्हणून नोझल खालून वर फिरवा.

खोडाला बांधलेली तार

हे लिहिताना मला अजूनही वाईट वाटतं. अण्णांनी बागेच्या कडेच्या एका मोसंबीला कुंपणाची तार गुंडाळली होती. तीन-चार वर्षं ती तशीच राहिली. खोड जाड होत गेलं आणि तार सालीत रुतली. तारेच्या वरचा भाग फुगून गड्ड्यासारखा झाला, खालचा बारीकच राहिला. पहिल्या वर्षी त्या झाडाला फळं खूप लागली, आम्ही खूश झालो. पुढच्या दोन वर्षांत झाड गेलं. मी तेव्हा कॉलेजात हेच शिकत होते आणि रोज त्याच झाडाजवळून जात होते.

खोडात दोन वेगळ्या नळ्यांचं जाळं असतं. आतल्या लाकडातून पाणी वर जातं. या नळ्यांच्या पेशी मेलेल्या असतात आणि पाणी वरून पानांच्या ओढीने खेचलं जातं. साखर मात्र सालीच्या आतल्या जिवंत थरातून मुळांकडे येते. तारेने साल आवळली, लाकूड शाबूत राहिलं. पाणी वर जात होतं, म्हणून पानं हिरवी दिसत होती. साखर वरच अडकली, म्हणून फळं लगडली आणि खोड फुगलं. मुळं मात्र उपाशी राहून मेली. इटलीच्या मालपीगीने सतराव्या शतकात सालीचं कडं काढून हाच फुगवटा पाहिला होता.

तार, नायलॉनची दोरी, कलमाची प्लॅस्टिक पट्टी, म्हशीचं दावं, यातलं काहीही खोडावर कायमचं ठेवू नका. केसर आंब्याची कलमं लावली असतील, तर जोड पक्का बसताच पट्टी कापा. आधाराची काठी बांधायचीच असेल, तर सुतळीचा सैल आठाचा फास घाला आणि दर पावसाळ्याआधी तो सोडून पुन्हा बांधा. ट्रॅक्टरच्या वखराने साल खरवडली तर त्याच दिवशी बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोसंबीला ते जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पावसाळ्याआधी आणि नंतरही लावावं, कारण डिंक्या (सालीतून डिंक पाझरणारा बुरशीजन्य रोग) याच सालीवर हल्ला करतो. खोडाला पाणी टेकू नये म्हणून दुहेरी आळं करा. आतलं आळं कोरडं राहिलं पाहिजे.

बुडाशी खत, बुडाशी पाणी

वरच्याशीच जोडून आलेली चूक. खोडाजवळची जाड मुळं झाडाला धरून ठेवायला असतात. पाणी आणि खत घेतात ती टोकाजवळची केसासारखी मुळं, आणि ती खोडापासून लांब पसरलेली असतात. दुपारी बारा वाजता झाडाची सावली पडते तिच्या कडेला खताचा चर काढा, ठिबकच्या नळ्याही झाड वाढेल तशा बाहेर सरकवा.

ताण तोडताना घाई

मोसंबीच्या आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडून ताण देतात, तेव्हा वाढ थांबते आणि पानांनी केलेली साखर फांद्यांत साठते. फुलं त्या साठ्यावर येतात. म्हणून ज्या झाडांची पानं आधीच रोगाने किंवा दुष्काळाने गेली आहेत, त्यांना ताण देऊ नका, त्यांच्याकडे साठाच नाही. आणि ताण तोडताना पहिल्याच पाळीत आळं तुडुंब भरू नका. आपल्याकडे आंबवणी आणि चिंबवणी असे दोन शब्द आहेत ते उगाच नाहीत. आधी हलकं पाणी, काही दिवसांनी जरा जास्त, त्यानंतर पूर्ण पाळी. बारीक मुळं ताणात मेलेली असतात आणि नवी फुटायला त्यांना तेवढे दिवस लागतात. घाई केली की फुलांऐवजी पालवी फुटते, नाहीतर लागलेली फुलं गळतात.

दाट पेरणी आणि न खुडलेला शेंडा

बियाणं जास्त टाकलं की उत्पन्न वाढेल, हा समज सोयाबीनमध्ये फार आहे. दाटीत खालच्या पानांना ऊन मिळत नाही. अशी पानं जितकी साखर करतात त्याहून जास्त श्वासात खर्च करतात आणि शेवटी गळतात. झाड उजेडासाठी उंच वाढतं आणि लोळतं.

तुरीचं वेगळं आहे. तिच्या शेंड्यातून खाली उतरणारं संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने शेंडा बोटभर खुडला की ते डोळे जागे होतात, फांद्या वाढतात आणि शेंगा फांद्यांवरच लागतात. जमिनीत ओल असतानाच खुडा. खंड पडलेला असेल, तर पाऊस होऊन वापसा येईपर्यंत थांबा.