फोटॉन मोजताना काउंट पटत नसेल तर

आमच्या विभागात एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी पीएमटी (फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पकडला की विजेचा छोटा पल्स देणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब), डिस्क्रिमिनेटर (थ्रेशोल्डपेक्षा उंच पल्सच पुढे पाठवणारं उपकरण) आणि एफपीजीए बोर्ड (हवं तसं सर्किट प्रोग्राम करता येणारी, इथे पल्स मोजणारी चिप) जोडून फोटॉन मोजतात. काळा डबा, त्यात अगदी मंद केलेली एलईडी. फेब्रुवारी लागला की कोणीतरी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी येतंच. "मॅडम, काउंट येतोय, पण पटत नाहीये." स्क्रीनवर व्हेरिलॉगची, म्हणजे एफपीजीएच्या कोडची, फाइल उघडी असते. ती मी मिटायला लावते. कोड शेवटी बघू, आधी एचव्ही (पीएमटीला लागणारा हाय व्होल्टेज) बंद करा.

एचव्ही शून्यावर, बाकी सगळं चालू. आता काउंट शून्यच यायला हवा, कारण ट्यूबच बंद आहे. तरी येत असेल तर तो विजेचा गोंगाट. आमच्याकडे शेजारच्या खोलीतली चोकवाली ट्यूबलाइट लावली की एका दमात ३०-४० काउंट पडायचे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतली, पीएमटीची केबल मेन्सच्या वायरीपासून लांब नेली, डिस्क्रिमिनेटरचा थ्रेशोल्ड किंचित वर घेतला, तेव्हा ते थांबलं.

मग पीएमटीची बाजू सोडवून बोर्डाला फंक्शन जनरेटर लावा: १ मेगाहर्ट्झ, ० ते ३.३ व्होल्ट. (आर्टिक्स-७ या एफपीजीए चिपच्या पिनला ५ व्होल्टचा टीटीएल सिग्नल थेट देऊ नका, पिन जाते. मध्ये ३.३ व्होल्टवर चालणारा ७४एलव्हीसी१जी१७ बफर टाका, त्याच्या इनपुटला ५ व्होल्ट चालतात.) सेकंदाला १०,००,००० काउंट यायला हवेत. पन्नासएक इकडेतिकडे चालतील, तो दोन क्रिस्टलमधला फरक. पण लागोपाठच्या दोन रीडिंगांत एखाद्या काउंटपेक्षा जास्त फरक नको. आकडा मधूनच नेमका २५६ ने उडत असेल तर काउंटर चालू असतानाच तुम्ही तो एकेक बाइट वाचताय. आधी सगळे ३२ बिट एका रजिस्टरमध्ये लॅच करा (एकाच क्षणी पकडून ठेवा), मग पाठवा.

इथवर ठीक असेल तर पीएमटी परत जोडा, एलईडी लावा आणि एकेका सेकंदाची १०० रीडिंग घ्या. सरासरी सगळेच काढतात. प्रमाणित विचलन काढायचा कंटाळा करतात, आणि खरी गोष्ट तेच सांगतं. फोटॉन स्वैरपणे येत असतील तर विचलन सरासरीच्या वर्गमूळाइतकं येतं. १०,००० ला १००.

गेल्या वर्षी एका मुलीची सरासरी १९,६०० होती. वर्गमूळ १४०, विचलन मात्र १९८. वर्ग केलात तर ३९,२०४, म्हणजे सरासरीच्या दुप्पट. हे दिसलं की समजायचं: जवळजवळ प्रत्येक पल्स दोनदा मोजला जातोय. ९,८०० खरे, तेवढेच खोटे. तिला मी लागोपाठच्या दोन पल्समधल्या अंतराचा हिस्टोग्राम काढायला सांगितला. ४० नॅनोसेकंदांवर सुळका!

डिस्क्रिमिनेटरपासून बोर्डापर्यंत २ मीटरची आरजी-५८ केबल होती, आणि बोर्डाच्या टोकाला टर्मिनेशन (पल्स मागे परतू न देणारा रेझिस्टर) नव्हतं. या केबलमधून सिग्नलला मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. पल्स उघड्या टोकावर आपटून मागे जातो, डिस्क्रिमिनेटरच्या कमी इम्पिडन्सवर उलटा होऊन २० नॅनोसेकंदांनी परत बोर्डाशी येतो, आणि आणखी एक फेरी मारून ४० ला सुलटा येतो. तो सुलटा एफपीजीएला नवा फोटॉन वाटतो. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे केबल बदला. तिने ३ मीटरची लावली, सुळका ६० वर सरकला. केबल बदलूनही सुळका जागचा हलला नाही तर दोष ट्यूबच्या आफ्टरपल्सचा (खऱ्या पल्समागून ट्यूबमध्येच उठणाऱ्या खोट्या पल्सचा) असू शकतो. ते बहुधा शेकडो नॅनोसेकंदांपासून काही मायक्रोसेकंदांपर्यंत पसरलेले असतात.

उपाय म्हणजे बोर्डाच्या टोकाला, पिनच्या अगदी जवळ, ५० ओहमचा रेझिस्टर. डिस्क्रिमिनेटरच्या आउटपुटला ५० ओहमचा भार पेलत नसेल तर त्याच्याच टोकाला सिरीजमध्ये रेझिस्टर टाका. तिने बीएनसीचा टी लावून टर्मिनेटर बसवला आणि पुन्हा १०० रीडिंग घेतली. सरासरी ९,८१२, विचलन ९९. त्या दिवशी आम्ही दोघी जेवायला चार वाजता गेलो.

विचलन बरोबर आणि काउंटच कमी, असं असेल तेव्हा मात्र कोड उघडा. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकने इनपुट तपासत असाल तर दोन तपासण्यांत १० नॅनोसेकंदांचं अंतर असतं. ६ नॅनोसेकंदांचा पल्स दहांतून चार वेळा मधल्यामध्ये निसटतो, आणि उरलेले आकडे अगदी सज्जन दिसतात. डिस्क्रिमिनेटरची पल्स-रुंदी २५ नॅनोसेकंद करून बघा. काउंट उडी मारून वाढला तर हेच कारण. रुंदी बदलता येत नसेल तर पल्स टॉगल फ्लिप-फ्लॉपच्या (दर पल्सला आउटपुट ० चं १, १ चं ० करणाऱ्या सर्किटच्या) क्लॉकला द्या, त्याचं आउटपुट दोन फ्लिप-फ्लॉपमधून सिंक्रोनाइझ करा आणि दोन्ही एज (चढ आणि उतार) मोजा. बाहेरचा कच्चा सिग्नल एकाच वेळी चार ठिकाणी नेऊ नका.

पीएमटीचा पल्स थेट ऑसिलोस्कोपवर बघायचा असेल तर इनपुट ५० ओहमवर ठेवा. गेन (ट्यूब एका इलेक्ट्रॉनचे किती करते तो आकडा) १० लाख धरला तर एका फोटॉनमागे ०.१६ पिकोकुलोम चार्ज येतो, ५ नॅनोसेकंदांत पसरलेला, म्हणजे ५० ओहमवर जेमतेम दीड मिलिव्होल्ट. १ मेगाओहमवर तो केबलच्या कपॅसिटन्समध्ये विरघळून लांबलचक शेपूट होतो, आणि मुलं म्हणतात ट्यूब गेली.

डार्क काउंट (एलईडी बंद असताना अंधारातही येणारा काउंट) एकाएकी वाढला तर आधी विचारा, डबा कोणी उघडला होता? एचव्ही बंद असली तरी खोलीच्या उजेडात राहिलेल्या ट्यूबचा डार्क काउंट कित्येक तास चढा राहतो. रात्रभर अंधारात ठेवा, सकाळी मोजा. तेव्हाही उतरला नाही तर रीडिंग चालू असतानाच डब्यावर जाड काळं कापड टाका. काउंट पडला की फट आहे. बहुतेकदा केबल आत जाते तिथेच. एकेका मिलिसेकंदाची रीडिंग घेऊन बघा: दर १० मिलिसेकंदांनी लाट दिसली तर तो खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड. आमच्या डब्यावर मी लाल मार्करने लिहून ठेवलंय: "एचव्ही शून्य, मगच झाकण." एचव्ही चालू असताना झाकण निघालं तर ट्यूब कायमची जाऊ शकते.