मुलं मोठी झाली की मुंबईत हॉटेल कुठे घ्याल?

तेरा-चौदा वर्षांची मुलं सोबत असतील तर मुंबईत मुक्काम फोर्ट, चर्चगेट किंवा कुलाब्यातच करा. उपनगरात खोली स्वस्त मिळते, पण रोज तास-दीड तास प्रवासात गेला की मुलांचा उत्साह मावळतो. फोर्टातून काळा घोडा, जहांगीर कलादालन, वस्तुसंग्रहालय, गेटवे सगळं पायी होतं. शिवाय दुपारी कंटाळलेलं पोरगं एकटं खोलीवर येऊन पडू शकतं, आणि आपण निवांत हिंडू शकतो. माझ्या मते खरी सोय हीच. आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानकही जवळ आहे, विमानतळाच्या टी-२ पर्यंत थेट जाता येतं.

बुकिंगआधी फोन करून मुलांची वयं स्पष्ट सांगा. बऱ्याच हॉटेलांत बारा वर्षांपुढच्या मुलाचे मोठ्या माणसाइतके पैसे लागतात, आणि ‘जादा बेड’ म्हणजे नुसती गादी निघते. उंच मुलाला ती पुरत नाही. शेजारच्या दोन लहान खोल्या बऱ्या. मुलांचं आधारही जवळ ठेवा. घारापुरीला जायचं असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात.