उतारावर गवत कापताना बार उभा आणि बेल्ट लावलेला

दसरा झाला की माझा फोन वाजायला लागतो. पौड-कोळवण भागात ज्यांनी बंगल्यांसाठी प्लॉट घेतलेत, त्या पुण्याच्या मंडळींना दिवाळीत पाहुणे आणायचे असतात आणि तोवर पावसानं प्लॉटवर छातीएवढं गवत उभं केलेलं असतं. मी या खोऱ्यातलाच. घरची भातशेती आहे आणि गेली नऊ वर्षं २४ हॉर्सपॉवरच्या मिनी ट्रॅक्टरला मागे स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यांचं गवत कापायचं अवजार, जोडून ही गवतं काढतो. हल्ली काही मालकांनी स्वतःच मिनी ट्रॅक्टर घेतलेत. शनिवारी कोथरूडहून येतात, टोपी घालतात आणि चढून बसतात. त्यातल्या दोघा-तिघांनी विचारलं, "आम्हाला काय काय बघायला पाहिजे?" म्हणून हे लिहितोय.

आधी बार. सीटच्या मागे जी उभी लोखंडी चौकट असते तिला कंपनीच्या पुस्तकात आरओपीएस म्हणतात, आम्ही रोलबार नाहीतर नुसतं बार म्हणतो. ट्रॅक्टर कलंडला की हा बार जमिनीला टेकतो आणि ट्रॅक्टरला सहसा पूर्ण उलटू देत नाही. जमीन, बॉनेट आणि बार यांच्यामध्ये एक पोकळी उरते. माणूस त्या पोकळीत राहिला तर वाचतो, आणि त्याला तिथे धरून ठेवायचं काम बेल्टचं. बार आहे पण बेल्ट लावलेला नाही, तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तोच बार त्याच्या छातीवर येऊ शकतो. उलट ट्रॅक्टरला बारच नसेल तर बेल्ट लावू नये, कारण मग तुम्ही स्वतःला यंत्राला बांधून घेता. राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकलेला माझा भाचा सांगतो, स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला बार सक्तीचा आहे. आपल्याकडे लोक ट्रॅक्टर घेतात तेव्हा टेपरेकॉर्डरचं आधी विचारतात.

छप्पर म्हणजे बार नव्हे, हेही सांगून टाकतो. अँगलचे चार पाय आणि वर पत्रा, हे उन्हासाठी असतं. ट्रॅक्टर पडला की ते काडेपेटीसारखं दबतं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइप वाकवून घेतलेला बार दिसायला कंपनीच्या बारसारखाच दिसतो, पण त्याचं पोलाद कुठलं, वेल्डिंग किती खोल, कुठल्या धक्क्याला काय होईल, हे त्यालाही माहीत नसतं. बार त्या-त्या मॉडेलसाठी तपासलेला, कंपनीचाच घ्या. त्याला दिवा लावायला भोक पाडू नका, छत्री वेल्ड करू नका. बोल्ट गेला तर हार्डवेअरच्या दुकानातला 'बसतोय ना' बोल्ट घालू नका. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचाच घाला, डोक्यावर आकडा कोरलेला असतो.

"पडायला लागला तर उडी मारू," असं प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणायचो.

पाच वर्षांपूर्वी हाडशीच्या बाजूला एका प्लॉटवर काम होतं. जेसीबीनं डोंगराची बाजू कापून मागे सपाटी काढलेली आणि निघालेला मुरूम पुढे लोटून अंगण वाढवलेलं. तुमच्या बहुतेक प्लॉटवर असंच असतं: मागचा निम्मा भाग मूळचा, पुढचा निम्मा भराव. वरून गवत सारखंच दिसतं. माझं काम संपत आलं होतं. मालक व्हरांड्यातून म्हणाले, "कडेचं राहिलंय बघा थोडं." मी कडेनं घेतला. डावं मागचं चाक भरावावर गेलं, चार महिन्यांच्या पावसानं आतून पोकळ झालेली कड बसली, आणि म्हैस कुशीवर होते तसा ट्रॅक्टर डावीकडे आडवा झाला. मला उडी मारायची आठवणसुद्धा झाली नाही. मी 'अरे' म्हणालो, तो 'रे' जमिनीवर आल्यावर तोंडातून निघाला. बार कडेखालच्या मुरुमात रुतून थांबला. मी बेल्टला लटकत होतो, डावा खांदा मडगार्डला ठेचलेला, इंजिन चालूच. हात लांब करून स्टॉपचा खटका ओढला आणि मग पहिल्यांदा श्वास घेतला.

उडी मारली असती तर कुठे मारली असती? माणूस उतार असतो तिकडेच फेकला जातो, आणि ट्रॅक्टरही तिकडेच येत असतो.

बार डाव्या खांबाला दोन बोटं वाकला होता. पिरंगुटला एक जण म्हणाला, गरम करून सरळ करून देतो, पाचशे रुपये द्या. मी नवा बार आणि नवा बेल्ट घातला. एकदा वाकलेल्या पोलादानं आपली ताकद खर्चलेली असते, त्याला भट्टी दाखवली की उरलेलीही जाते. जुना बार गोठ्याला टेकवून ठेवलाय. बायको त्यावर गोधड्या वाळत घालते.

तेव्हापासून कुठल्याही प्लॉटवर मी आधी चालत फिरतो. हातात काठी, पायात गमबूट, कारण आमच्याकडे घोणस भरपूर. गवतात काय काय निघतं: मोजणीचे दगड, तोडलेल्या झाडाचे बुंधे, वारुळं, जुन्या कुंपणाची तार, पाणलोटाचे समतल चर. प्रत्येक ठिकाणी बांबू रोवून वर चिंधी बांधतो. भरावाची, ओढ्याची किंवा ताल टाकलेली कड असेल तर जितका खाली खोल तितकं आत थांबायचं. कड चार फूट उंच, तर चाक कडेपासून चार फूट आत. पाऊस नुकताच उघडला असेल तर आणखी आत. उरलेली पट्टी ब्रशकटरनं किंवा विळ्यानं काढायची. मालकाला ती बाकीच्या भागाशी जुळत नाही असं वाटलं तर वाटू दे.

मग उतार मोजायचा. डोळ्यानं नाही, डोळा फसवतो. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्याला सगळंच सपाट वाटतं. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या, तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवा. फळीचं वरचं टोक जमिनीला टेकवा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालचं टोक उचला, आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंत टेपनं मोजा. १८ सेंटिमीटर आलं तर उतार १० अंश, २७ आलं तर १५. फोनमधल्या लेव्हलनंही जमतं, फक्त फोन फळीवर ठेवून बघा, गवतावर नाही. माझा नियम असा: १० अंशांच्या आत आडवं, म्हणजे उतार एका कुशीला ठेवून चालवतो, १० ते १५ मध्ये फक्त उभं, म्हणजे सरळ वर-खाली, आणि त्यापुढे ट्रॅक्टर वरच्या सपाटीवरच उभा राहतो. तुमच्या पुस्तकात यापेक्षा कमी आकडा दिला असेल तर तोच धरा.

१० अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. गणित बघा. माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या मध्यांत साधारण एक मीटर अंतर आहे. १० अंशांच्या उतारावर आडवा चाललोय आणि वरच्या बाजूचं चाक १५ सेंटिमीटरच्या दगडावर चढलं, की साडेआठ अंश वाढले. त्याच वेळी खालचं चाक १० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं, तर आणखी जवळजवळ सहा. म्हणजे फळीवर १० दिसलेला उतार त्या क्षणाला २४ झाला, आणि वर वेगाचा हिसका वेगळाच. वेग दुप्पट केला की वळणावर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. मिनी ट्रॅक्टर द्राक्षबागेच्या दोन ओळींत शिरावा म्हणून मुळातच अरुंद असतो. चाकं बाहेर सरकवता येत असतील तर गवताच्या कामाला सर्वांत रुंद ठेवा. इथे कोणत्या ओळीत शिरायचंय?

उभं कापताना मी सपाट रस्त्यानं वर जातो आणि कापत खाली येतो. लो गिअर, फोर व्हील चालू, स्लॅशर जमिनीलगत. वर जायला वळसा नसेल तर रिव्हर्सनं चढतो. सरळ तोंड वर करून चढताना मागे स्लॅशरचं वजन असतं आणि पुढचं हलकं होतं. जुन्या माणसांना बैलगाडी उलाळ होणं माहीत आहे, मागे माल जास्त झाला की जू वर उठतं. तसाच ट्रॅक्टर उलाळ होतो, फक्त इथे गाडीखाली माणूस येतो. चाकं चिखलात किंवा बांधाला अडकली असताना झटक्यात क्लच सोडला तर चाक फिरत नाही, इंजिन सगळं धडच चाकाभोवती वर उचलतं. पाऊण सेकंदात परतीची वेळ निघून जाते. अडकलात तर पुढे जोर लावू नका, रिव्हर्सनं निघा. तेही झालं नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढा, आणि साखळी खालच्या हुकालाच बांधा. टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा बारला बांधली की उलाळ ठरलेलीच.

खाली येताना क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल करायचं नाही, मध्येच गिअर बदलायचा नाही. आणि डावा-उजवा ब्रेक एकमेकांना जोडणारी पट्टी असते ती लावलेली पाहिजे. चिखलणीत आपण ती काढतो, एकाच चाकाचा ब्रेक मारून वळायला. ती तशीच सुटी राहते, आणि उतारावर घाईत एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो. सकाळी दहाच्या आधी मी उतारावर जातच नाही, दवानं गवत साबणासारखं असतं.

आता आंब्याची भानगड. प्लॉटवर पाच-सहा केशर लावलेले असतात आणि फांद्या बरोबर बारच्या उंचीला. म्हणून बार दुमडता येतो: दोन बाजूंच्या दोन पिना काढा, वरचा भाग मागे पाडा. दुमडलेला बार म्हणजे बार नाहीच, तेवढा वेळ बेल्टही सोडायचा, आणि ते काम सपाटीवरच करायचं. खरी अडचण पुढे आहे. झाडाखालून बाहेर आल्यावर 'आता इथलं दहा मिनिटांचं उरकू आणि मग उचलू' असं आपण म्हणतो, आणि ट्रॅक्टर आठ दिवस तसाच फिरतो. मी एक लाल फडकं ठेवलंय. बार पाडला की ते स्टिअरिंगला बांधायचं, हाताला लागत राहतं, वैताग येतो, आणि फडकं सोडायला उतरलो की बार उभा करतो, पिना घालतो, क्लिपा लावतो, मग बेल्ट. पिनेच्या जागी खिळा घातलेले बार मी पाहिलेत. त्यापेक्षा मालकाला सांगून खालच्या फांद्या एकदाच छाटून घ्या, बार पाडायची वेळच येत नाही.

स्लॅशरचं थोडक्यात. पीटीओ, म्हणजे इंजिनचा जोर स्लॅशरला देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलेलं असेल आणि उपरण्याचं किंवा ओढणीचं टोक अडकलं, तर एका सेकंदात दोन मीटर कापड गुंडाळलं जातं, पुढे माणूस. पात्यानं उडवलेला दगड शंभर मीटरवर जातो. मी एकदा एका गाडीची काच भरून दिली आहे. स्लॅशरला दगड अडवायला मागे-पुढे लोंबत्या साखळ्या असतात, त्या शाबूत ठेवा आणि पोरं, कुत्री, व्हरांड्यातले काका सगळ्यांना घरात पाठवा. तार गुंडाळली गेली तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, पाती थांबेपर्यंत थांबा. स्लॅशर उचलून त्याखाली हात घालायचा असेल तर आधी खाली ओंडका लावा, हायड्रोलिकच्या भरवशावर नाही. रेडिएटरच्या जाळीवर कुसळं बसतात, ती दर तासाला काढा.

आणि मडगार्डवर कोणी नाही. नातू रडला तरी नाही. तिथे बेल्ट नाही, बारची पोकळीही नाही.

एवढं करूनही ट्रॅक्टर एका बाजूला जायला लागला तर स्टिअरिंग उताराच्या दिशेला, खाली वळवा. आपला हात आपोआप वर वळवतो, तेच चुकतं. ब्रेक दणकन मारू नका, स्लॅशर खाली सोडा. गेलाच, तर स्टिअरिंग घट्ट धरा, हातपाय आत, आणि बेल्ट सोडू नका. थांबल्यावर इंजिन बंद करा, डिझेल सांडलंय का बघा, मग एका हातानं काहीतरी धरून बेल्ट सोडा, नाहीतर लटकलेला माणूस डोक्यावर पडतो. मदतीला ११२, अँब्युलन्सला १०८. आमच्या खोऱ्यात रेंज नसेल तिथे हे नंबर नुसते पाठ असून चालत नाही, म्हणून मी सकाळीच घरी सांगून निघतो: कुठला प्लॉट, कुठल्या बाजूनं, किती वाजता परत.

आडवा पडलेला ट्रॅक्टर उभा केल्या केल्या स्टार्टर मारू नका. पडल्यावर ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं, ते दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिक बोलवा, इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवून घ्या, ऑइल बाहेर येऊ द्या. माझ्या ट्रॅक्टरमधून वाटीभर निघालं होतं.