‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ : इंग्रजी वाक्यात यांना कुठे बसवावे?

एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगणारी इंग्रजी क्रियाविशेषणे बहुतेकांना शाळेपासून पाठ असतात. लिहिताना अडते ते त्यांच्या अर्थापाशी नव्हे, तर जागेपाशी. ही जागा मुख्यतः क्रियापदावरून ठरते. म्हणून वाक्य रचताना आधी क्रियापद पाहावे आणि मगच क्रियाविशेषणाला हात घालावा.

अर्थाच्या बाबतीत उतरता क्रम लक्षात ठेवला की पुरते. ‘ऑलवेज’ म्हणजे नेहमी, ‘युज्वली’ म्हणजे बहुतेक वेळा, ‘ऑफन’ म्हणजे पुष्कळदा, ‘समटाइम्स’ म्हणजे कधी कधी, ‘ऑकेजनली’ म्हणजे अधूनमधून, ‘रेअरली’ आणि ‘सेल्डम’ म्हणजे क्वचित, ‘हार्डली एव्हर’ म्हणजे जवळजवळ कधीच नाही आणि ‘नेव्हर’ म्हणजे कधीच नाही. काही पुस्तकांत प्रत्येक शब्दापुढे टक्केवारी छापलेली असते. ती पाठ करण्यात अर्थ नाही, कारण महिन्यातून दोनदा पोहायला जाण्याला एक जण ‘ऑफन’ म्हणेल आणि दुसरा ‘ऑकेजनली’. ‘सेल्डम’ हा शब्द बोलण्यात जरा पुस्तकी वाटतो, एवढे मात्र ध्यानात असावे.

आता जागेकडे वळू. ‘शी ऑलवेज लॉक्स द डोअर’ या वाक्यात ‘लॉक्स’ हे साधे मुख्य क्रियापद आहे, म्हणून ‘ऑलवेज’ त्याच्या आधी आले. ‘शी इज ऑलवेज केअरफुल’ या वाक्यात मात्र ते ‘इज’च्या नंतर गेले, कारण ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ ही रूपे मुख्य क्रियापद म्हणून आली तर क्रियाविशेषण सहसा त्यांच्या मागून येते. सहायक क्रियापद असेल, तर पहिल्या सहायकानंतरची जागा धरावी: ‘शी हॅज ऑलवेज लॉक्ड द डोअर’. मराठीत ‘ती नेहमी कुलूप लावते’ आणि ‘ती नेहमी सावध असते’ या दोन्ही वाक्यांत ‘नेहमी’ क्रियापदाच्या आधीच येत असल्यामुळे आपल्या हातून ‘शी ऑलवेज इज केअरफुल’ असे सहज लिहिले जाते. त्रोटक उत्तरात मात्र हाच क्रम बरोबर ठरतो: ‘यस, शी ऑलवेज इज.’

नकारार्थी वाक्यात अधिक सावध राहावे लागते. ‘शी डझन्ट ऑलवेज लॉक द डोअर’ याचा अर्थ ती दर वेळी कुलूप लावतेच असे नाही. ‘शी नेव्हर लॉक्स द डोअर’ म्हणजे ती कधीच लावत नाही. ‘नेव्हर’मध्ये नकार आधीच दडलेला असतो. मराठीत ‘कधीच’बरोबर ‘नाही’ लागतेच, म्हणून ‘शी डझन्ट नेव्हर लॉक’ असा दुहेरी नकार होऊन बसतो. प्रमाण इंग्रजीत तो चूक आहे. ‘समटाइम्स’ नकाराच्या आधी येते: ‘शी समटाइम्स डझन्ट लॉक द डोअर’. प्रश्नात ‘कधी तरी’ या अर्थाने ‘एव्हर’ वापरावे: ‘डझ शी एव्हर फर्गेट?’

वाक्याच्या आरंभी ‘समटाइम्स’, ‘युज्वली’ आणि ‘ऑकेजनली’ खुशाल ठेवता येतात. ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ तेथे प्रामुख्याने आज्ञार्थी वाक्यातच शोभतात, जसे ‘ऑलवेज रीड द लेबल’. ‘रेअरली’ किंवा ‘नेव्हर’ने साधे विधान सुरू केले, तर पुढची रचना प्रश्नासारखी उलटते: ‘रेअरली डझ शी फर्गेट’. अशी वाक्ये भारदस्त लेखनातच बरी दिसतात; रोजच्या पत्रव्यवहारात ती टाळावीत.

‘एव्हरी डे’, ‘ट्वाइस अ वीक’, ‘वन्स अ मंथ’ असे नेमके प्रमाण सांगणारे शब्दसमूह साधारणपणे वाक्याच्या शेवटी जातात. ‘शी एव्हरी डे चेक्स द लॉक’ ही मराठी वळणाची रचना आहे. ‘शी चेक्स द लॉक एव्हरी डे’ असे लिहावे. येथे ‘एव्हरी’ आणि ‘डे’ वेगळे लिहायचे, कारण जोडून लिहिल्यास ते ‘रोजच्या वापरातले’ या अर्थाचे विशेषण होते.

‘ऑलवेज’चा आणखी एक उपयोग ओळखता यायला हवा. चालू काळाबरोबर ते आले की बोलण्यात अनेकदा कुरबुरीचा सूर उमटतो. ‘ही ऑलवेज लूजेस हिज कीज’ ही साधी माहिती झाली, पण ‘ही इज ऑलवेज लूजिंग हिज कीज’ असे म्हणणारा माणूस त्या हरवाहरवीला वैतागलेला असतो. म्हणून कामाच्या पत्रात सहकाऱ्याविषयी लिहिताना ही रचना विचारपूर्वकच वापरावी.