डीओ कॉलेज निवडताना प्रायमरी केअरचा आकडा कसा वाचावा

अमेरिकेत वाढलेली आपली मुलं मेडिकलचे अर्ज भरू लागली की यादीत डीओ, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरची पदवी देणारी ऑस्टिओपॅथिक कॉलेजं येतातच. घरच्यांना पहिली काळजी पदवीची. ती सोडा. डीओंना सर्व 50 राज्यांत एमडींसारखाच पूर्ण परवाना मिळतो आणि 2020पासून रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाला, मान्यता देणारी व्यवस्थाही एकच आहे. मी स्वतः डीओ आहे, फॅमिली मेडिसिन करते. माझ्या मते जास्त विचार कॉलेज कोणतं याचा करायला हवा, कारण पदवी एकच असली तरी या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्यांच्या वाटा फार वेगळ्या असतात.

आणखी एक गैरसमज आधी दूर करते. आपल्याकडे एमबीबीएस झालं की जनरल प्रॅक्टिस सुरू करता येते, म्हणून फॅमिली डॉक्टर म्हणजे पुढे न शिकलेला, असं काही आईवडिलांना वाटतं. इथे फॅमिली मेडिसिन ही 3 वर्षांची स्वतंत्र रेसिडेन्सी आहे.

आता आकड्याकडे येऊ. जवळपास प्रत्येक डीओ कॉलेज अभिमानाने सांगतं की आमचे इतके टक्के विद्यार्थी प्रायमरी केअरमध्ये, म्हणजे पेशंट आधी ज्यांच्याकडे जातो त्या डॉक्टरांच्या कामात, जातात. त्यात फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स आणि इंटर्नल मेडिसिन (प्रौढांचे आजार) एकत्र मोजलेलं असतं. यातलं इंटर्नल मेडिसिन नीट तपासा. ती रेसिडेन्सी संपवून कितीतरी जण कार्डिओलॉजी, गॅस्ट्रोच्या फेलोशिपला, म्हणजे पुढच्या स्पेशालिस्ट प्रशिक्षणाला, जातात, कितीतरी फक्त हॉस्पिटलमध्ये दाखल झालेले पेशंट बघतात. मॅचच्या दिवशी, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा ठरतात तेव्हा, प्रायमरी केअरमध्ये धरलेला मुलगा सात-आठ वर्षांनी दवाखान्यात बसलेला असेलच असं नाही. म्हणून मॅचची यादी मिळाली की आधी फॅमिली मेडिसिनच्या जागा मोजा आणि सात-आठ वर्षांपूर्वीची बॅच आज काय करते हे कॉलेजलाच विचारा. ज्यांना या कामाची खरी आस्था आहे त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

हा फरक कॉलेज कुठे आहे आणि कशासाठी काढलं, यातून येतो. वेस्ट व्हर्जिनियाचं सरकारी डीओ कॉलेज लुइसबर्ग या छोट्या गावात आहे. पहिली दोन वर्षं झाली की ते विद्यार्थ्यांना राज्यभरच्या हॉस्पिटलांत आणि दवाखान्यांत पाठवतं. पूर्व केंटकीच्या कोळसापट्ट्यातलं पाइकव्हिलचं कॉलेज ॲपलेशियाच्या डोंगराळ भागाला डॉक्टर मिळावेत म्हणूनच उभं राहिलं. ॲरिझोनात मेसा इथे ए. टी. स्टिल विद्यापीठाचं कॉलेज आहे. तिथली मुलं दुसऱ्या वर्षापासूनच देशभरच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरांत शिकतात, कोणी ब्रुकलिनमध्ये, कोणी हवाईत. ओक्लाहोमा स्टेटने टॅलेक्वा इथे चेरोकी नेशनबरोबर 2020मध्ये कॉलेज सुरू केलं आणि 2024मध्ये पहिली बॅच बाहेर पडली. आदिवासी राष्ट्राशी जोडलेलं अमेरिकेतलं हे पहिलंच मेडिकल कॉलेज. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तिसऱ्या वर्षाची रोटेशन्स, म्हणजे वेगवेगळ्या विभागांतलं प्रत्यक्ष काम, कुठे होतात हे मी सगळ्यात आधी बघायला सांगते. वर्षभर मोठ्या हॉस्पिटलात सर्जन आणि स्पेशालिस्टांच्या मागे फिरलेल्या मुलाला फॅमिली डॉक्टरचं काम दिसतच नाही, मग तो ते निवडणार कसा? माझे प्रिसेप्टर, म्हणजे मला प्रत्यक्ष काम शिकवणारे डॉक्टर, लहान गावातले होते. एकाच सकाळी आजीचा मधुमेह, सुनेचं गरोदरपण आणि नातवाचा दमा त्यांनी बघितला, आणि घरात नोकरी कोणाची गेली आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मला असंच काम करायचंय हे मी तिथे ठरवलं.

पैशाचा हिशोब मात्र अर्जाआधीच करा. बरीच डीओ कॉलेजं खासगी आणि महाग आहेत. जुलै 2026पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला 50,000 डॉलर आणि एकूण 2,00,000 डॉलर एवढंच मिळेल. एच-4 व्हिसावरच्या (आईवडिलांच्या एच-1बीवर अवलंबून असलेल्या) मुलांना तेही मिळत नाही आणि काही कॉलेजं व्हिसावरचे अर्ज घेतच नाहीत. फॅमिली मेडिसिनचा पगार स्पेशालिस्टांपेक्षा कमी, हे खरं. पण डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात काम केलं तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर हा सरकारी कार्यक्रम कर्ज फेडायला मदत करतो. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत 120 पात्र हप्ते भरले तर उरलेलं सरकारी कर्ज माफ होऊ शकतं. ना-नफा हॉस्पिटलातली रेसिडेन्सीची वर्षंही त्यात धरली जातात.

आणि तुमच्या मुलीला सर्जरीच करायची असेल, तर नुसती जागा मिळावी म्हणून अर्जात खेड्याच्या ओढीबद्दल लिहायला लावू नका. अशा कॉलेजात मुलाखत घेणारे बहुधा स्वतः तिथे काम केलेले असतात. तिने आजवर अशा दवाखान्यात काय केलं हेच ते विचारतील. मेडिकलच्या आधीच्या पदवीच्या वर्षांतच तिला जवळच्या कम्युनिटी क्लिनिकमध्ये नियमित जाऊ द्या. हे काम आवडतं की नाही हे तिचं तिलाच कळेल आणि कॉलेजांची यादी त्यानुसार करता येईल.