सरकत्या फळीवर अंगठा उचला

दिवाळीच्या सुट्टीत भाची कराडला आली, तेव्हा माळ्यावरची जुनी व्हिडिओ गेम खाली काढली. पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलंय, पण खरे गेम आठ-दहाच, बाकी सगळे त्यांचेच भाऊबंद. फुंकर मारून कॅसेट खोचली आणि १९८५ सालचा सुपर मारिओ लावला. नऊ वर्षांच्या पोरीने १-१ आणि १-२, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या पहिल्या दोन लेव्हल, हसतखेळत काढल्या. १-३ मध्ये झाडांच्या शेंड्यांवरून जाताना मात्र सरकत्या फळ्या आल्या आणि तिन्ही लाइफ तिथेच गेल्या. परत पहिल्यापासून, परत तिथेच. शेवटी रिमोट सोफ्यावर आदळला. “मामा, फळी पळून जाते!”

मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. मारिओ फळीवर बरोबर उतरत होता, पण तिचा अंगठा पुढच्या बटणावरून हलतच नव्हता. फळी तुम्हाला स्वतःच घेऊन जाते, त्यात तुम्हीही चालायला लागलात तर पलीकडच्या कडेवरून खाली जाणारच. म्हणून पाय टेकायच्या आधीच, हवेत असतानाच, अंगठा उचलायचा. धावत उडी मारली असेल तर मारिओ उतरल्यावरही थोडा घसरतो, तेव्हा उलट दिशेच्या बटणाला एक हलकी टिचकी द्यायची. फार दाबलंत तर मागच्या कडेवरून पडाल, तेही आमच्याकडे झालं. जवळच्या फळीसाठी तर धावायचं बटण वापरूच नका.

उडी कधी मारायची, हे मी शिकलो ताईकडून, म्हणजे याच भाचीच्या आईकडून. लहानपणी ती दोरीवरच्या उड्यांत गल्लीत पहिली होती. दोघी दोरी फिरवतायत आणि तिसरीला मधे शिरायचंय, तेव्हा ती लगेच घुसत नाही. एक-दोन फेऱ्या नुसती बघते, मान डोलावते, मग शिरते. ताई मारिओतही तेच करायची आणि मी मागून ओरडायचो, “मार की उडी!”

तर पक्क्या जमिनीवर उभं राहून फळीची एक पूर्ण ये-जा बघा. या फळ्या टोकाशी आल्या की झोपाळ्यासारख्या मंदावतात आणि मधे वेग घेतात. नवशिक्या फळी जवळ आलेली दिसली की उडी टाकतो. पण तो हवेत असेपर्यंत ती परत फिरलेली असते. ती लांबच्या टोकाला जाऊन वळली आणि तुमच्याकडे यायला लागली, की तयार व्हा. उडी ती अर्ध्या वाटेत असताना. तुम्ही खाली येता आणि ती समोरून येऊन पायाखाली बसते. उतरताना याच्या उलट: पुढची जमीन सर्वांत जवळ येण्याच्या किंचित आधी, फळी मंदावत असतानाच निघा. वळेपर्यंत थांबलात तर अंतर वाढायला लागतं.

वेळेची भीती वाटते, हे खरं. १-३ मध्ये घड्याळ ३०० पासून सुरू होतं आणि एकेक आकडा सेकंदापेक्षा लवकर उडतो. तरी दोन फेऱ्या बघण्याइतका वेळ कायम असतो. परतीचं मात्र लक्षात ठेवा: या गेममध्ये पडदा मागे सरकत नाही. मागे सुटलेली जागा गेली ती गेलीच.

वरखाली जाणाऱ्या फळ्या सोप्या. फळी वर पोचत आली की उडी, एवढंच. १-२ च्या शेवटी वर जाणारी लिफ्ट आहे, तिच्यावरून छताच्या विटांवर चढून उजवीकडे पळत सुटलं की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या वर्ल्डमध्ये नेणारे पाइप सापडतात. हे मी भाचीला मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर १-३ शिकली असती कशाला?

४-३ मध्ये तराजूच्या फळ्या भेटतील. दोरीला दोन फळ्या, एकीवर उभे राहिलात की ती खाली बसते आणि दुसरी वर चढते. इथे बघत बसायचा नियम मोडायचा. पाय टेकला की निघायचं. जास्त रेंगाळलात तर दोन्ही फळ्या सुटून कोसळतात. त्याचे हजार पॉइंट मिळतात, पण ते घ्यायला मारिओने वेळेत उडी मारलेली असावी लागते.

नवीन कुठलाही गेम हातात आला की मी आधी एक गोष्ट करून बघतो. आडव्या फळीवर उभं राहायचं आणि दिशेचं बटण न दाबता सरळ वर उडी मारायची. या जुन्या मारिओत फळी खालून निघून जाते आणि तुम्ही होता तिथेच खाली येता. बऱ्याच नव्या गेममध्ये फळीचा वेग तुमच्या अंगात राहतो. २०१८ च्या सेलेस्टमध्ये तर सगळी मजा त्यातच आहे. पहिल्याच प्रकरणात सिग्नलचा दिवा लावलेले ठोकळे आहेत. पाय टेकला की सुसाट सुटतात आणि त्यांच्या वेगात उडी मारली की एरवी न झेपणारी खिंड पार होते. म्हणजे मारिओत मंदावल्यावर निघायचं आणि इथे भर वेगात. एकाची सवय दुसऱ्यात नेली तर मार खाल. सेलेस्ट फारच अंगावर आला तर असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. मी केलाय. लाज कसली त्यात?

आणि नव्या टीव्हीवर जुना गेम लावत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ जरा विचार करून उडतो.

भाऊबीजेला ताई आली. भाचीने १-३ करून दाखवली, अंगठा अगदी वेळेवर वर. मग ताईने रिमोट घेतला, पहिल्या फळीच्या दोन फेऱ्या बघितल्या, मान डोलावली, उडी मारली आणि थेट खाली. “बटणं घट्ट झालीत तुझी,” म्हणाली.